कलीग, को-वर्कर, असोसिएट, फेलो... पाटीवर नक्की काय कोरायचं?

हर्षदा_नाशिक
मंडळी, अर्जंट मदत हवीये. मी सातपूरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आमचे एक सीनिअर सर ३१ वर्षं नोकरी करून शुक्रवारी रिटायर होतायत. वर्गणी काढून लाकडी फ्रेमवर पितळी पाटी करून द्यायचं ठरलंय, मजकूर इंग्रजीत. सगळं जमलं, फक्त शेवटची ओळ अडलीये: "फ्रॉम युवर..." आणि पुढे काय?

मी कलीग्ज लिहिलं होतं. मॅनेजर म्हणाला असोसिएट्स लिही, जास्त प्रोफेशनल वाटतं. लॅबमधला एकजण म्हणतो को-वर्कर्स. नवीन जॉइन झालेली मुलगी म्हणते पीअर्स (सर ५८ चे, ती २३ ची!). डिक्शनरी उघडली तर सगळ्यांसमोर एकच शब्द, "सहकारी". आता यातला फरक काय तो कुणी नीट सांगेल का?

आणि खरी गोची अशी की वर्गणी फक्त लॅबवाल्यांनी दिलेली नाही. पॅकिंगच्या कंत्राटी मुली आहेत, कॅन्टीनचे मामा आहेत, मशीनच्या कॅलिब्रेशनला बाहेरच्या कंपनीतून येणारा इंजिनिअर आहे, त्याने तर सगळ्यात जास्त दिले. हे सगळे मिळून सरांचे कोण? उद्या संध्याकाळी ५ पर्यंत मजकूर द्यायचाय.

टवाळ_पांडू
पाटीवाला अक्षरामागे पैसे घेतो का? घेत असेल तर पीअर्स. विषय संपला.

हर्षदा_नाशिक
घेतो की! पण साबणाची जाहिरात वाटेल.

शब्दवेडा
कलीग आणि को-वर्कर यातला फरक ढोबळमानाने असा. को-वर्कर म्हणजे एकाच ठिकाणी काम करणारा कुणीही, त्यात दर्जा, हुद्दा काही नाही. कलीगमध्ये थोडा मान आहे, आपण एका पेशातले हा भाव आहे, म्हणून तो शब्द डॉक्टर, प्राध्यापक, वकील जास्त वापरतात. एका डॉक्टरचा कलीग दुसऱ्या हॉस्पिटलमध्येही असू शकतो, को-वर्कर नाही असू शकत.

पीअर म्हणजे बरोबरीचा, लॅटिन 'पार' म्हणजे समान. त्यामुळे ५८ आणि २३ हे पीअर नाहीत, मुलीला सांगा. आता गंमत बघा, इंग्लंडात लॉर्ड लोकांनाही पीअरच म्हणतात, ते आपसात समान म्हणून. बाकीच्यांशी नाही!

आयटीतला_गुलाम
असोसिएट नको गं बाई. आमच्या क्षेत्रात असोसिएट म्हणजे पगारपत्रकावरचा हुद्दा. कॉग्निझंटमध्ये तर सगळे कर्मचारीच असोसिएट. वॉलमार्टमध्ये शेल्फवर डबे लावणाराही असोसिएट. नोकर म्हणायची लाज वाटते म्हणून काढलेला शब्द आहे तो. स्टारबक्स तर कॉफी ओतणाऱ्या पोरांना 'पार्टनर' म्हणतं.

वकीलीणबाई
पार्टनरवरून आठवलं. आमच्याकडे लॉ फर्ममध्ये हे दोन शब्द चुकवून चालतच नाही. पार्टनर म्हणजे मालकीत वाटा असलेला, असोसिएट म्हणजे रात्री दोनपर्यंत ड्राफ्ट करणारा पगारी वकील. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मचं कर्ज झालं तर पार्टनरच्या घरावरही टाच येऊ शकते, म्हणून तर २००८ मध्ये एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, कायदा आला. स्टारबक्सच्या पोराच्या घरावर कुणी टाच आणणार नाहीये, त्यामुळे ते नावालाच पार्टनर.

सीए_सोलापूरकर
आमच्यात उलटंच. परीक्षा पास होऊन मेंबरशिप घेतली की तुम्ही असोसिएट, नावापुढे एसीए. सलग पाच वर्षं प्रॅक्टिस केल्यावर फेलो होता येतं, एफसीए. म्हणजे फेलो मोठा, असोसिएट धाकटा. कंपनी कायद्यात तर असोसिएट ही माणूसच नाही, कंपनी असते, जिच्यात आपला किमान २० टक्के मताधिकार आहे ती. त्यामुळे मॅनेजरला विचारा, सरांच्यात तुमचे किती टक्के?

प्राध्यापक_म्हणे
सहाव्या वेतन आयोगानंतर आम्हा लेक्चररांचे असिस्टंट प्रोफेसर झाले आणि रीडरचे असोसिएट प्रोफेसर. मराठीत सहायक आणि सहयोगी. माझ्या आईला अजून वाटतं की मी कुण्या प्रोफेसरांचा असिस्टंट आहे, त्यांच्या पिशव्या उचलतो. पगार तोच असता तर रीडर काय वाईट होतं, किमान वाचतो असं तरी वाटायचं लोकांना.

सेक्रेटरी_कोथरूड
असोसिएट मेंबर या शब्दाने आमच्या सोसायटीत दोन वर्षं भांडण चाललंय. पूर्वी शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव दुसरं तो असोसिएट. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती झाली, आता दुसऱ्या नावाचा तो जॉइंट मेंबर, आणि असोसिएट म्हणजे ज्याचं नाव सर्टिफिकेटवर नाहीच पण मूळ सभासदाने लेखी शिफारस केलेला नवरा, बायको, मुलगा, सून, जावई वगैरे घरातला. शिवाय नॉमिनल वेगळे, आणि सभासद वारला तर वारस ठरेपर्यंत नॉमिनी प्रोव्हिजनल. एका गृहस्थांनी जावयाला मीटिंगला पाठवलं, जावई म्हणे मी मेंबर, आम्ही म्हटलं तुमची शिफारस कुठाय, तर सासरा फोनवर म्हणतो शिफारस केली असती तर मुलगी दिली असती का एवढा विचार करून...

आयटीतला_गुलाम
काका, पाटी उद्या ५ ला द्यायचीये.

सेक्रेटरी_कोथरूड
बरं राहिलं. पण पार्किंगचा मुद्दा सांगायचा होता.

शब्दवेडा
जेवून आलो, आता जरा विस्ताराने. या सगळ्या शब्दांच्या मुळाशी गेलं की हे लोक एकत्र येऊन नेमकं काय वाटून घेत होते ते कळतं.

कम्पॅनियन: लॅटिन 'कोम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. एका भाकरीतले. हाच पानिस पोर्तुगीजात 'पाँव' झाला आणि तिथून आपल्याकडे पाव म्हणून आला. म्हणजे नाशिककर मिसळीला बसतात तेव्हा ते शब्दशः कम्पॅनियन असतात.

मेट: हाही खाण्यातलाच, मीट एकत्र खाणारे. मीट म्हणजे तेव्हा कुठलंही अन्न.

कॉम्रेड: स्पॅनिश 'कामारादा', एका खोलीत राहणारे. हिंदीतला कमरा त्याच कुळातला, पोर्तुगीजांकडून आलेला.

कलीग: रोमन 'कोलेगा', एका पदावर बरोबर नेमलेला. रोममध्ये दोन कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) असायचे, एकमेकांचे कोलेगा, आणि एकाने घेतलेला निर्णय दुसरा अडवू शकायचा.

टवाळ_पांडू
म्हणजे एकमेकांची कामं अडवणं हे कलीगचं मूळ कर्तव्य आहे. आमच्या ऑफिसात परंपरा टिकून आहे हे वाचून ऊर भरून आला.

मास्तर_परभणी
कलीग हा शब्द कॉलेज आणि लीग मिळून झालाय असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. कॉलेजातली लीग.

शब्दवेडा
कॉलेज त्याच घराण्यातलं आहे सर, कोलेगांचा समूह तो कोलेगियम. लीग मात्र वेगळी, ती 'बांधणे' या धातूवरून. आणि स्पेलिंगमध्ये त्या 'लीग'सारखंच ए येतं, ते पाटीवाला हमखास खाईल. हर्षदाताई लक्ष ठेवा.

कॉ_परळ
खोलीवरून आलाय हे माहीत नव्हतं, मस्त वाटलं. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीप्रमाणे झोपायचे, एक पाळी उठून गेली की दुसरी त्याच जागी आडवी. जेवायला खानावळ. म्हणजे १९२८ च्या संपात गिरणी कामगार युनियनने त्यांना कॉम्रेड म्हणायच्या आधीच ते कॉम्रेड होते, फक्त त्यांना ते 'गाववाले' म्हणायचे.

आणि एक, आपल्याकडे या शब्दांवरून पक्ष ओळखू यायचा. कम्युनिस्ट असला की कॉम्रेड डांगे, शेकापचा असला की भाई उद्धवराव पाटील, समाजवादी असला की साथी. तिघे एकाच मोर्चात असले की घोषणा देणाऱ्याची पंचाईत.

वकीलीणबाई
साथी ठीक, पण त्याला 'दार' लावलं की तुरुंगात. "आरोपीच्या दोन साथीदारांना अटक". पेपरात चांगल्या कामाचा साथीदार मी तरी कधी वाचला नाही. इंग्रजीतही पोलिसांच्या बातमीत "क्लोज असोसिएट" म्हटलं की समजायचं गँगवाला आहे. मॅनेजरला हे दाखव.

लीड्सवरून_मृणाल
इथे यूकेत सुपरमार्केटमधले सगळे कर्मचारी 'कलीग'. माईकवर ओरडतात, कलीग अनाउन्समेंट, अमुक कलीगने काउंटरवर यावं. त्यामुळे शब्दवेडा यांनी सांगितलेला तो पेशाचा मान वगैरे इथे उरलेला नाही. आणि मेट तर बसड्रायव्हर पण म्हणतो, दहा सेकंदांच्या ओळखीवर. मी पहिल्यांदा आले तेव्हा प्लंबर मला 'लव्ह' म्हणाला आणि मी घरी फोन करून सांगितलं.

खवचट_खान्देश
मला हे मुळाशी जाणं पटत नाही. शब्दाचा पणजोबा काय धंदा करत होता त्यावरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही. 'नाइस' चं मूळ अडाणी असं आहे, मग उद्यापासून कुणाला नाइस म्हणू नये का? कम्पॅनियन भाकरीवरून आला असेल, पण आज पाटीवर "युवर कम्पॅनियन्स" लिहिलं तर सरांच्या मिसेस विचारतील या कोण. ताईंनी साधा प्रश्न विचारलाय, साधं उत्तर द्या: कलीग्ज लिहा.

शब्दवेडा
@खवचट, मुद्दा मान्य. पण मग फेलोचं सांगायचं राहू दे का? तो सगळ्यात भारी आहे.

खवचट_खान्देश
सांगा आता, पोटात ठेवू नका.

शब्दवेडा
फेलो हा जुन्या नॉर्सचा (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा), 'फेलागी'. 'फे' म्हणजे गुरंढोरं, त्यावरून मालमत्ता. आपापली गुरंढोरं, पैसाअडका एकत्र मांडून व्यवहार करणारे ते फेलागी. शाळेची 'फी' आहे ना, तिच्याशीही या गुरांचं नातं सांगतात. आणि संस्कृतातला 'पशु' हा या 'फे'चा सख्खा भाऊ. तेव्हा रॉयल सोसायटीचा (लंडनची शास्त्रज्ञांची संस्था) फेलो म्हणजे मुळात ज्याचं जनावर सामायिक दावणीला आहे असा माणूस. १८४१ साली मुंबईचे आर्देशीर कर्सेटजी, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले, पहिले भारतीय फेलो झाले, १९१८ ला रामानुजन.

रानातला_गडी
थांबा थांबा. ही तर सावड की हो!

आमच्याकडं (करवीर तालुका) ज्याच्याकडं एकच बैल हाय तो दुसऱ्या एक बैलवाल्याशी सावड करायचा. दोघांचे दोन बैल जोडून एक औत. आधी तुझं रान, मग माझं. माझ्या आज्ज्याची सावड शेजारच्या मळ्यातल्या आबांशी होती, वीस-बावीस वर्षं. आबांचा बैल तापट, आमचा थंड, त्यामुळं औत कायम एका अंगाला ओढायचं आणि दोघं एकमेकाच्या बैलाला शिव्या घालायचे. बोलणं बंद असलं तरी सावड मोडली न्हाई. बांधावरून भांडण कोर्टात, आणि सकाळी दोघं एकाच औतामागं.

माणसांची अदलाबदल केली तर त्याला पैरा म्हणायचं. आज मी तुझ्या भांगलणीला, उद्या तू माझ्या. पैरा फेडावा लागतो, न फेडणाऱ्याला पुढच्या वर्षी कोण बोलवत न्हाई. आता ट्रॅक्टर आला, सावड गेली. पण फेलोचा अर्थ वाचून पहिल्यांदा वाटलं की इंग्रजी शब्द आपल्या रानातला हाय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे इर्जिक म्हणत जाय. गावातले सारे मिळून एकाचं वावर एका दिवसात करून टाकायचे अन् ज्याचं वावर त्याच्याकडे जेवन. मजुरी नाही, फक्त जेवन. म्हणजे मेट, कम्पॅनियन अन् को-वर्कर तिन्ही एकदमच.

शब्दवेडा
@रानातला_गडी, दंडवत. मी पंचवीस वर्षं ही व्युत्पत्ती लोकांना सांगतोय, तापट बैल आज कळला.

प्राध्यापक_म्हणे
फेलोशिप आपल्याकडेही जुनी आहे बरं. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा इंग्रजांनी हळूहळू शिक्षणाकडे वळवली, आणि त्या पैशातून कॉलेजात दक्षिणा फेलो नेमायचे. माधवराव रानडे एल्फिन्स्टनला असे फेलो होते. त्यामुळे फेलोशिप सहा सहा महिने न मिळालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, बाबांनो ही मुळात दक्षिणा आहे, मागून मिळत नाही, यजमानाची इच्छा लागते.

आयटीतला_गुलाम
असोसिएटच्या मुळाशी काय आहे? सगळे शिव्या घालतायत बिचाऱ्याला.

शब्दवेडा
तीच तर गंमत. असोसिएट येतो लॅटिन 'सोकियुस' वरून, आणि त्याचा संस्कृतातला नातेवाईक म्हणजे 'सखा'. सोबत चालणारा. सचिवही त्याच धातूचा.

टवाळ_पांडू
म्हणजे सीनिअर असोसिएट म्हणजे ज्येष्ठ सखा. अप्रेझलला आता मी बासरी घेऊन जाणार.

सेक्रेटरी_कोथरूड
आणि सोसायटीचा सचिव पण सखा?? आमच्या सभासदांना कळवतो. विश्वास बसणार नाही.

अनुजा_डोंबिवली
मुळात डिक्शनरीचा प्रॉब्लेम हा आहे की 'सहकारी' शब्दावर आपण फार ओझं टाकलंय. मी सहकारी बँकेत होते, "सहकारी बँकेतले माझे सहकारी" असं भाषणात म्हटलं की लोकांना वाटायचं मी अडखळले. अलीकडे सहकर्मी ऐकू येतं, ते मला हिंदीतून उचलल्यासारखं वाटतं. बाकी आपल्याकडे शब्द कमी नाहीत. खेळातला भिडू, गाईगुरांमागचा सवंगडी, वाटेतला सोबती, धंद्यातला भागीदार, शेतातला वाटेकरी, सभेतला सभासद. फक्त ऑफिसात एकत्र बसणाऱ्यासाठी शब्द तयार व्हायला वेळ मिळाला नाही, कारण ऑफिसच इंग्रजीतून आलं.

उलटं पण आहेच ना. साडू, व्याही, विहीण, जाऊ यांना इंग्रजीत एक शब्द नाही. आपलेच लोक को-ब्रदर, को-सिस्टर करतात आणि गोरे तोंडाकडे बघत बसतात.

लीड्सवरून_मृणाल
मी एकदा जावेची ओळख को-सिस्टर म्हणून करून दिली. समोरच्या बाईला वाटलं आम्ही दोघी नन आहोत.

मास्तर_परभणी
धाग्यात वाचायला मजा आली पण पाटीचं काय ठरलं?

हर्षदा_नाशिक
काही ठरलं नाहीये!! उलट आता जास्त गोंधळ झालाय. कलीग म्हणावं तर कॅन्टीनचे मामा आणि तो कॅलिब्रेशनवाला बाहेर राहतात. को-वर्कर एकदम हजेरीपत्रक वाटतं. कम्पॅनियन आवडलं होतं, कारण खरं सांगायचं तर सर रोज दुपारी सगळ्यांना एका टेबलावर घेऊन जेवायचे, पॅकिंगच्या मुलींना सुद्धा, आधी त्या बाहेर पायरीवर बसून खायच्या, सरांनी एक दिवस नुसतं "आत या, भाजी गार होईल" म्हणून त्यांना आत आणलं आणि नंतर तेच नेहमीचं झालं. एचआरने एकदा आक्षेप घेतला होता तर सर म्हणाले की टेबल माझ्या नावावर लिहा. तर भाकरीतले लोक हे शंभर टक्के खरं आहे, पण @खवचट म्हणतात तसं मिसेस विचारतील.

रानातला_गडी
ताई, सर इंग्रजीत बोलत्यात का जेवताना?

हर्षदा_नाशिक
छे हो. सर चांदवडचे. रिपोर्ट सोडला तर सगळं मराठीत.

रानातला_गडी
मग पाटी कुणासाठी इंग्रजीत?

अनुजा_डोंबिवली
अगदी. आणि शब्द तर तू पहिल्याच पोस्टच्या पहिल्याच जागी लिहिलायस.

हर्षदा_नाशिक
कुठला?

अनुजा_डोंबिवली
मंडळी.

बघ ना, त्यात हुद्दा नाही, पगार नाही, कंत्राटी-कायम नाही, लहान-मोठं नाही. लग्नाला आलेले मंडळी, भजनाला बसलेले मंडळी, जेवायला थांबलेले मंडळी. मामा पण मंडळी आणि इंजिनिअर पण.

खवचट_खान्देश
पूर्वी बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणायचे हे लक्षात असू द्या. मिसेस परत विचारतील.

शब्दवेडा
@खवचट, तो एकवचनी आदरार्थी वापर, आता कुणी करत नाही. हर्षदाताई, निःशंक कोरा. कलीगमधल्या ए चा पण प्रश्न मिटला.

टवाळ_पांडू
आणि अक्षरं तीनच. पाटीवाला रडेल.

हर्षदा_नाशिक
मॅनेजरशी बोलते. तो मराठी आहे पण मेलमध्ये नाही.

हर्षदा_नाशिक
(शनिवार) अपडेट. मॅनेजर म्हणाला वरती कंपनीचं नाव इंग्रजीत राहू दे, खाली हवं ते करा. त्याने स्वतःच्या फुलांच्या कार्डावर असोसिएट्स लिहून घेतलं, कुणी काही बोललं नाही. पाटीच्या शेवटी "तुमची जेवणाच्या टेबलावरची मंडळी" असं कोरलंय. मामांनी वाचून दोनदा विचारलं, यात मी पण ना? त्या कॅलिब्रेशनवाल्याने फोटो काढून बायकोला पाठवला.

शब्द बरोबर आला पण पाटीवाल्याने आकड्यात घोळ केला. ३१ वर्षांच्या सेवेच्या जागी १३ कोरलंय, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही, सरांनी हातात घेऊन वाचलं तेव्हा कळलं. मी मेल्याहून मेल्यासारखी. सर चष्मा वर करून म्हणाले, असू दे, काम तेवढीच वर्षं केलंय.

रानातला_गडी
बाकीची अठरा टेबलावर गेली म्हणायची.